भरल्या पोटी उपाशी

मित्रांनो, एडवण गावात मला सगळे 'चोरटी' म्हणत. मी दावं तोडायचे, कुंपण मोडायचे आणि दुसऱ्याच्या वाडीत शिरायचे. त्यापायी मी पुष्कळ मार खाल्ला. आता मी चौदा वर्षांची झाले आहे. दात झिजले आहेत, पुढचा उजवा गुडघा पावसाळ्यात धरतो. या वयात माणसं झालं गेलं विसरून सगळ्यांची माफी मागतात म्हणे. मी मागणार नाही. मी म्हैस आहे, आणि मी जी चोरी केली ती बरोबर केली. कशी, ते ऐका.

माझा जन्म राहीबाई आणि तिचा नवरा आनंदा यांच्या वाडीतल्या गोठ्यात झाला. वाडी म्हणजे केळी, नारळ आणि पानवेलींचा मळा. मी जन्मले तेव्हा इतकी काळी होते की गोठ्याच्या अंधारात राहीबाईला माझे फक्त डोळे दिसले. तिनं तिथल्या तिथं माझं नाव काजळी ठेवलं. लहानपणी मी पानवेलींच्या मांडवाखालचं गवत खाऊन वाढले. पुढं माझी दोन वेतं झाली. माझ्या दुधाची साय बोटावर अख्खी उचलता यायची. शेजारणी मला बघायला येत, पाठीवरून हात फिरवत आणि म्हणत, "राहीकाकी, हिच्या अंगात तोंड दिसतं गो!" मला ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

मग आनंदा तापानं गेला. घराच्या वाटण्या झाल्या. वाडी धाकटा भाऊ धर्माजी याच्या वाट्याला गेली आणि राहीबाईला खाजणातलं भातशेत मिळालं. समुद्राचं पाणी बांधानं अडवून केलेली ती जमीन. तिथंच कडेला तिनं नवा गोठा बांधला आणि मला तिकडं नेलं. त्या दिवसापासून माझ्यापुढं पेंढा आला. सकाळी पेंढा, दुपारी पेंढा, संध्याकाळी पेंढा. राहीबाईनं मला एक दिवसही उपाशी ठेवलं नाही, हे मी शपथेवर सांगते. माझी गव्हाण कायम भरलेली असायची.

तरीही मला काहीतरी हवं असायचं. काय, ते मला कळत नव्हतं. मी गोठ्याची भिंत चाटायची. दोरीवरचं लुगडं चावायची. एकदा तर राहीबाईची चप्पल खाल्ली. माझे काळेभोर केस आधी तपकिरी झाले, मग गंजलेल्या खिळ्यासारखे तांबूस. डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं उठली, जणू कुणी चष्मा घातला आहे. तीन वर्षं मी गाभण राहिले नाही. आणि आठवड्यातून एकदा तरी मी दावं तोडून थेट धर्माजीच्या वाडीत जायची, पानवेलींखालचं गवत ओरबाडायची. धर्माजी काठी घेऊन धावायचा. मार खात खात मी शेवटचा घास तोडायचीच.

गावाला नवा विषय मिळाला. म्हशीला कोड फुटला, ही अवदसा आहे, विधवेच्या दारात असंच व्हायचं, असं लोक बोलू लागले. ज्या शेजारणी माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या, त्या आता पदर सावरून लांबून जात.

१९६५ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका सकाळी धर्माजी बाजारातल्या एका व्यापाऱ्याला घेऊन आला.

"वयनी," तो म्हणाला, "असला जनावर दारात ठेवू नये. हा घेऊन जाईल. मी बोललोय त्याच्याशी."

"कुठं नेणार तो हिला?" राहीबाईनं विचारलं.

व्यापारी आभाळाकडं बघू लागला. धर्माजीनं माझं दावं हातात घेतलं. राहीबाई पुढं झाली आणि तिनं ते दुसऱ्या टोकाला धरलं.

"माजी म्हैस हाय. दावा सोडा, भावजी."

"लोक काय बोलतात ते ऐकलाव नाय काय?"

"ऐकला. दूध काय लोक देत होते? सोडा."

दोघं तशी दावं ताणून उभी असताना कुंपणापाशी एक बाई येऊन थांबली. तिशीची, सावळी, काठपदराचं साधं पातळ कमरेला खोचलेलं, एका खांद्याला कापडी पिशव्या आणि हातात लाकडी पेटी. ती धर्माजीकडं न बघता सरळ माझ्याकडं आली आणि माझे केस बोटांत धरून उजेडात बघू लागली.

"ही कितीची आहे?"

"दहाची," राहीबाई म्हणाली.

"दहाची म्हैस अशी दिसत नाही." तिनं पेटी उघडली आणि माझ्या मानेला हात लावला. मित्रांनो, त्या काळात माझ्या मानेला हात लागला की पुढं काठी यायची. मी लाथ झाडली. पेटी उडाली, चार बाटल्या फुटल्या. बाई मागं सरकली, काचांकडं बघितलं आणि म्हणाली, "जोर आहे अजून. म्हणजे वेळ गेलेली नाही."

"तुमी कोण?" धर्माजीनं विचारलं.

"गुरांची डॉक्टर."

"बाई?"

"हो. बाई. आणि ही म्हैस मला तपासायची आहे. आज विकू नका."

तिचं नाव विजया. सोलापूरकडची. तिचा थोरला भाऊ बळवंत तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर कामाला होता. ती बोईसरला त्याच्याकडं राहायची आणि पालघरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत नोकरी करायची. तिथं गुरांचा चारा तपासत. गावोगावचा पेंढा पिशवीत भरून आणायचा, एवढंच काम तिला नेमून दिलेलं होतं. माझं रक्त घ्यायला तिला कुणीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नव्या बाटल्या घेऊन ती परत आली आणि या खेपेला तिनं मला आधी गूळ दिला. मग माझं रक्त घेतलं, आणि ताडून बघायला धर्माजीच्या एका म्हशीचंही.

आठ दिवसांनी ती दोन काचेच्या नळ्या घेऊन गोठ्यात आली. दारातल्या उजेडात तिनं त्या शेजारी शेजारी धरल्या. एकीतलं पाणी कोऱ्या चहासारखं पिवळसर होतं. दुसरीतलं नुसतं पाणीच वाटत होतं.

"पिवळी नळी धर्माजींच्या म्हशीची. ही पांढरी काजळीची. रक्तातलं तांबं या औषधानं पिवळं दिसतं. जेवढं तांबं तेवढा रंग."

"तांबा?" राहीबाई चकित झाली. "हंड्याचा तांबा? म्हशीच्या रगतात?"

"तेच. तुमच्या-माझ्याही रक्तात असतं. चिमटीत धरता येणार नाही इतकं थोडं. पण तेवढं नसलं तर केसांना रंग चढत नाही, रक्त नीट होत नाही, पोटी रेडकू राहत नाही."

"मी हिला पोटभर घालतंय, बाय. देवाशपथ."

"घालता ना. पण पेंढ्यातच नसेल तर तुम्ही काय करणार? ही भरल्या पोटी उपाशी आहे, राहीबाई. हिला कोड नाही आणि अवदसाही नाही."

राहीबाईनं गव्हाणीतला मूठभर पेंढा उचलला आणि तळहातावर चोळत राहिली, जणू तिनं तो पहिल्यांदाच पाहिला होता. मग तिनं तो प्रश्न विचारला ज्यानं सगळं पुढं गेलं. "मग भावजींच्या म्हशी पण पेंढाच खातात. त्यांच्यात तांबा कुठून आला?"

विजयाबाईनं माझ्याकडं बघितलं. "ही सुटली की कुठं जाते म्हणालात?"

"चोरी करायला. भावजींच्या वाडीत."

"सोडा हिला."

राहीबाईनं दावं सोडलं. मी बांधावरून निघाले. दोघी माझ्या मागून. बांधावर लुसलुशीत ओलं गवत होतं, मी त्याला तोंड लावलं नाही. केळीच्या ओळीतून गेले, तिथंही थांबले नाही. पानवेलींच्या मांडवाखाली जाऊन खरखरीत, धुळीचं गवत खाऊ लागले. विजयाबाई मांडवाचे बांबू न्याहाळत होती. त्यांच्यावर निळसर पांढरे ठिपके वाळले होते. तेवढ्यात धर्माजी काठी घेऊन धावत आला.

"बघितलात? डोळ्यांनी बघितलात? चोरटी हाय!"

"धर्माजी, वेलींवर काय फवारता?"

"मोरचूद आणि चुना. सगळेच फवारतात. नाय तर वेल मरते."

"आणि खालचं गवत?"

"माज्या म्हशींना घालतो. का?"

मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ, मित्रांनो. विजयाबाई तिथंच मातीत बसली आणि वहीत लिहू लागली. मग मान वर करून राहीबाईला म्हणाली, "जनावराला तांबं ओळखता येतं असं मी कुठं लिहिणार नाही. ते मला दाखवून देता येणार नाही. पण वाट हिनं दाखवली, एवढं खरं."

खरं सांगते, तांबं काय ते मलाही ठाऊक नव्हतं. ते गवत खाल्लं की दोन दिवस बरं वाटायचं, एवढंच मला कळायचं. पण तेवढं कळणं हा गुन्हा आहे, असं मला कधीच वाटलं नाही.

आठवड्यानं विजयाबाई आली ती रागानं लाल होऊन. टोपली उपडी घालून गोठ्यात बसली आणि राहीबाईला सगळं सांगितलं. तिच्या साहेबांनी वही वाचून परत केली होती. मोरचूद म्हणजे विष, तुम्हाला पेंढा आणायला पाठवलं, म्हशींना औषध पाजायला नाही, असं ते म्हणाले होते.

"मग काय करशील, बाय?"

"कचेरीच्या वेळेत करू नका म्हणाले. मग रविवारी करीन."

"विष हाय काय पण ते?"

"जास्त झालं तर आहे. जीव घेईल. म्हणून कुणी अंदाजानं हातानं घालायचं नाही. प्रयोगशाळेत दमयंती नावाची माझी मैत्रीण आहे, ती बारीक तराजूवर तोलून देईल."

तिला बारा म्हशी हव्या होत्या. त्या राहीबाईनं गोळा केल्या. ज्या दारांतून तिला अवदशेची मालकीण म्हणून टाळत होते, त्याच दारांत ती जाऊन उभी राहिली. कुणी हो म्हणालं, कुणी तोंडावर दार लावलं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. माझ्यासकट खाजणाकडच्या बारा म्हशी शेवटी मिळाल्या. सगळ्याच विटक्या.

दमयंतीनं दोन तऱ्हेचे गोळे करून पाठवले. दोन्हींत गूळ आणि कोंडा, रंग एकच, वास एकच. एका डब्यावर सूर्य काढलेला, दुसऱ्यावर चंद्र. मोरचूद एकाच डब्यात होतं. कोणत्या, हे तिनं कागदावर लिहून लाखेनं बंद केलेल्या पाकिटात घातलं आणि पाकीट शाळेच्या हेडमास्तरांकडं ठेवलं. विजयाबाईलाही ते माहीत नव्हतं. "मला माहीत असलं तर मी मला हवं तेच बघेन," ती म्हणाली. शाळेत चिठ्ठ्या टाकल्या. मला चंद्र आला.

शिवाय एक अट होती. सहा महिने एकही म्हैस वाडीत जाता कामा नये. राहीबाईनं दाव्याच्या जागी लोखंडी साखळी आणली. ज्या चोरीच्या गवतावर मी तग धरून होते, तेही गेलं. मी साखळी ओढली, खुंट्याला धडका दिल्या. खुंटा हलला नाही.

तिसऱ्या महिन्यात शेजारच्या चिंतूची मोगरी मेली. तीही बारांतलीच. चार दिवस तिनं चारा सोडला होता, पाठ वाकवून उभी राहायची, कण्हायची. रविवारी सकाळी ती आडवी झाली आणि उठली नाही. चिंतूचा गोठा आमच्या कुंपणाला लागूनच, त्यामुळं पुढचं सगळं मी बघितलं. सफाळ्याच्या स्टेशनावरून विजयाबाई पोहोचली तेव्हा निम्मं गाव जमलं होतं.

"तुमच्या गोळ्यानं गेली माजी मोगरी," चिंतू म्हणाला. रडून त्याचा आवाज बसला होता. "रोज माज्या हातानं भरवला मी."

"मी सांगत होतो," धर्माजी गर्दीतून ओरडला. "विष घालतेय ही. पाकीट फोडा! मोगरीच्या डब्यात काय होतं ते कळू दे!"

"फोडा! फोडा!" सगळे म्हणू लागले. हेडमास्तरांनी घाबरून कोटाच्या खिशावर हात ठेवला.

विजयाबाईचा चेहरा उतरला होता. पण ती जागची हलली नाही. "पाकीट आज फोडलं तर तीन महिने फुकट जातील. मग कशानं काय झालं हे कुणालाच कधी सांगता येणार नाही. आणि पुढच्या वर्षी तुमच्या म्हशी अशाच राहतील. मी पाकीट फोडू देणार नाही."

"मग मोगरी कशानं मेली ते कोण सांगणार?"

"मोगरीच सांगेल. चिंतूभाऊ, तुमची परवानगी असेल तर मी तिला उघडून बघते. तुमच्या सगळ्यांसमोर. माझ्या गोळ्यानं मेली असेल तर मी इथून पायी चालत जाईन आणि परत तोंड दाखवणार नाही."

चिंतूनं मोगरीच्या गळ्यातलं दावं सोडवून बाजूला ठेवलं. मग त्यानं होकारार्थी मान डोलावली.

विजयाबाईनं पदर कमरेला आवळला आणि सुरी घेतली. गर्दीतले पुरुष एकेक करून मागं सरले. राहीबाई मात्र पाण्याची घागर घेऊन तिच्याजवळ बसून राहिली. दोन तास लागले. शेवटी विजयाबाई कोपरापर्यंत माखलेला हात वर करून उभी राहिली. तिच्या बोटांत करंगळीएवढी तार होती. ती पोटातून आरपार जाऊन काळजात रुतली होती.

चिंतूनं तार हातात घेतली. "ही तर माज्या मांडवाची तार. मीच तोडून टाकली होती बांधावर."

"क्षार कमी पडले की जनावर काहीही चावतं," विजयाबाई म्हणाली. "भिंत, हाडं, कापड, तार. मोगरीनं ती आपण सुरुवात करायच्या कितीतरी आधी गिळली असेल. तुमचा दोष नाही, चिंतूभाऊ. तुम्हाला हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं."

गर्दी पांगली. चिंतूनं तार धुऊन खिशात ठेवली आणि म्हणाला, "माजी एक पारडी हाय. पुढच्या खेपेला तिचा नाव घ्या."

धर्माजी मात्र गप्प बसणारा नव्हता. त्यानं पालघरच्या साहेबांना अर्ज धाडला.

इकडं पाचवा महिना लागला आणि काही म्हशी बदलू लागल्या. त्यांच्या केसांच्या मुळाशी काळी रेघ उमटली, मग ती वर चढू लागली. त्या सगळ्या सूर्याच्या डब्यावरच्या होत्या. पाकीट फोडायची गरजच उरली नव्हती. आंधळ्यालाही कळलं असतं. आणि मी? माझ्या बरगड्या मोजता येत होत्या. उठताना मला तीनदा प्रयत्न करावा लागायचा.

एका रविवारी राहीबाईनं विजयाबाईचा हात धरला. "बाय, माजी म्हैस जाईल. तिनं तुला वाट दाखवली आणि तिलाच नुसता गूळ? मला सूर्याचा गोळा दे."

विजयाबाईनं डोळे मिटून घेतले. "तुम्ही मागितला तर देईन. तिचं नाव यादीतून काढून टाकीन. जनावर तुमचं आहे, तुम्ही म्हणाल ते."

"नाव काढला तर?"

"तर साहेब म्हणतील, हिनं सोयीचं ठेवलं आणि गैरसोयीचं काढलं. आणि ते बरोबर असेल."

"किती दिवस राहिले?"

"महिना."

राहीबाई माझ्यापाशी आली. माझ्या कपाळाला कपाळ लावून तिनं विचारलं, "काजळे, काढशील एक महिना?" मी मान हलवली ती माश्यांमुळं, पण तिनं त्याचा अर्थ लावायचा तो लावला. "काढेल म्हणतेय," ती म्हणाली. "तू तुजा काम पुरा कर." मग मीही ठरवलं, मरायचं नाही. धर्माजीला तेवढा आनंद मी देणार नव्हते.

ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आधी, साहेब स्वतः आले. सोबत अर्ज, आणि अर्जामागं धर्माजी. शाळेच्या पटांगणात त्यांनी सांगून टाकलं, "परवानगी नसताना हा उद्योग चालला आहे. आजपासून बंद."

विजयाबाई बोलायला पुढं झाली. राहीबाईनं तिला मागं सारलं. तिच्या मागं बाकीच्या बायका होत्या, आणि प्रत्येकीच्या हातात दावं. सगळ्या अकरा म्हशी त्यांनी पटांगणात आणून उभ्या केल्या होत्या, सूर्य-चंद्र सगळ्या मिसळून.

"बंद करा, साहेब," राहीबाई म्हणाली. "पण आदी एक काम करा. तुमी गुरांतले जाणते. या अकरांतून औषधाच्या कोणत्या आणि बिनऔषधाच्या कोणत्या, तेवढा निवडून द्या. आमी कोणी तोंड उघडणार नाय."

साहेब चिडले. पण जाणता माणूस होता तो. समोर म्हशी उभ्या असताना त्याला राहवेना. त्यांनी टोपी काढून हेडमास्तरांच्या हातात दिली. एकेकीचे केस उलटे फिरवून मुळं बघितली, पापण्या खाली ओढल्या, कातडी चिमटीत धरून सोडली. एकेक म्हैस उजवीकडं नाहीतर डावीकडं गेली. माझ्यापाशी ते थबकले. "हिच्यात काय राहिलंय?" असं पुटपुटून त्यांनी मला डावीकडं ढकललं. मी ढकलली गेले नाही. राहीबाईनं सांगितल्यावर माझी मी गेले.

मग लाख फोडून हेडमास्तरांनी कागद वाचला. मोरचूद सूर्याच्या डब्यात होतं. साहेबांनी अकरांपैकी दहा बरोबर ओळखल्या होत्या. एक जात्याच काळी चंद्राची म्हैस तेवढी त्यांनी उजवीकडं घातली होती. मोगरीही सूर्याचीच होती. ते ऐकून धर्माजीनं तोंड उघडलं, पण चिंतूनं खिशातून तार काढून त्याच्यापुढं धरली.

साहेबांनी कपाळ पुसलं. "अकरा म्हशींवरून काही सिद्ध होत नाही, विजयाबाई."

"नाही होत, साहेब," विजयाबाई म्हणाली. "म्हणून मला शंभर द्या."

बायका हसल्या. साहेब हसले नाहीत. पण त्यांनी तो अर्ज घडी करून खिशात घातला, आणि दीड महिन्यानं पत्र आलं. शंभर नव्हे, चाळीस म्हशींची परवानगी होती. विजयाबाई म्हणाली, बाकीच्या साठांसाठी मी भांडत राहीन. ती भांडली, आणि तिसऱ्या वर्षी तिनं त्या मिळवल्या.

मला दुसऱ्याच दिवशी सूर्याचा गोळा मिळाला. कडवट लागला. श्रावण सरेपर्यंत माझ्या मुळाशी काळं आलं, दसऱ्यापर्यंत पाठ भरली. पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या सकाळी मला पारडी झाली. राहीबाईनं पहिल्या चिकाचा खरवस घरोघर वाटला, धर्माजीच्याही घरी. त्यानं खाल्ला. आपण चुकलो असं तो आजवर बोललेला नाही. न बोलू दे.

आता १९६९ साल आहे. मी दूध देत नाही, रेडकूही होणार नाही. काही महिन्यांपूर्वी विजयाबाई आली होती. केसांत पांढरं दिसायला लागलंय तिच्या. आता ती डोंगराकडच्या गावांतून गाईंचं काम करते. तिनं पुन्हा माझं रक्त मागितलं.

"या म्हातारीचा रगत कशाला?" राहीबाईनं विचारलं.

"म्हाताऱ्या म्हशीला काय कमी पडतं, काय जास्त होतं, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडत नाही," विजयाबाई म्हणाली. "कुणी लिहिलंच नाही. कारण म्हैस आटली की तिला एवढं कुणी जगूच देत नाही. या सगळ्या गावांत माझ्याकडं चौदा वर्षांची ही एकच आहे."

मित्रांनो, तेव्हापासून मी दर महिन्याला मान पुढं करून उभी राहते. नळीत माझं रक्त भरतं, विजयाबाई त्याच्यावर तारीख घालते, आणि जे पान आजवर कोरं होतं त्यावर एक ओळ वाढते. म्हणून तुम्हाला सांगते, आणि विनवणी म्हणून नव्हे, बजावून सांगते. तुमच्या गोठ्यात एखादं जनावर आटलं असेल, थकलं असेल, कामाचं उरलं नसेल, तर त्याला जगू द्या. त्याच्याकडं नीट बघा, त्याला काय हवं आहे ते जाणत्याला विचारा. त्याच्याकडून अजून पुष्कळ कळायचं असेल. आणि काही कळायचं नसलं, तरीही जगू द्या.